सतरा नंबरची बाटली

के. आर. पुरम, बेंगळुरू
१२ मार्च २०२४

ठकूअक्का, पाया पडतो.

एका गोळीची खरी किंमत सांगतो. कागदावर ती फुकट आहे, कारण औषधाची चाचणी चाललीय. पण पहिली गोळी तोंडात पडेपर्यंत माझं करंगळीएवढ्या नऊ नळ्या रक्त गेलं. चार सकाळी उपाशीपोटी जयनगर गाठलं, बावीस पानांवर सह्या केल्या, आणि एका अख्ख्या दिवसाची लघवी शेवटच्या थेंबापर्यंत पाच लिटरच्या डब्यात साठवून ती मेट्रोनं नेली. आणखीही एक गोष्ट गेली. ती किरकोळ आहे, राहू दे.

तो डबा पिशवीत घालून स्टेशनात शिरलो, तर सिक्युरिटीच्या बाईनं अडवलं. "एनु सार इदु?"

म्हटलं, बोअरचं पाणी, टेस्टिंगला नेतोय. माझ्या शर्टावर दुकानाचं नाव आहे, मोटार-पंप रिपेरीचं, त्यामुळं तिला पटलं. झाकणाकडं बघून म्हणाली, "स्वल्प हळदी इदे." म्हटलं, पिवळं आहे म्हणूनच तर टेस्टिंग, अम्मा. सरी म्हणून तिनं सोडलं.

फोन केला की तू आवाज ओळखून नातीच्या, कस्तुरीच्या हातात परत देतेस, म्हणून पत्र. नातीला वाचायला लाव. तिचं मराठी आता माझ्यापेक्षा चांगलं असेल. दाजींच्या बाराव्याला मी चारचौघांत तुला जे बोललो ते तुझ्या लक्षात आहे, माझ्याही आहे. एकोणीस वर्षं झाली. ते इथं उगाळत नाही.

बातमी एवढीच की माझं लिव्हर आतून निबर झालंय. दारूनं नव्हे, साखरेच्या आजारानं. लिव्हर म्हटलं की समोरचा आधी आपल्या तोंडाचा वास घेतो, म्हणून सांगून ठेवलं. पोटात पाणी धरतं. आता त्याच्या मागोमाग किडनीही ढिली पडायला लागली. रक्तात क्रिएटिनिन नावाचा एक आकडा असतो, किडनी धुणं नीट धुते का ते त्यावरून कळतं. एकच्या आसपास असावा. माझा दोनाला टेकलाय. तीनाच्या पुढं गेला तर ॲडमिट व्हायचं, सुईतून औषध घ्यायचं, आणि मग देवाची मर्जी.

डॉ. मंजुनाथ म्हणून एक शांत गृहस्थ आहेत, ते माझ्यासारख्या लोकांवर तोंडानं घ्यायची गोळी लागू पडते का ते तपासतायत. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना अगदी तशीच दिसणारी रिकामी. कुणाला कुठली ते डॉक्टरांनाही माहीत नाही, यादी पाकिटात बंद. बाटलीवर फक्त नंबर. माझा सतरा.

त्यांच्या हाताखाली भाग्यलक्ष्मी म्हणून धारवाडची मुलगी आहे. तिनं मला बत्तीस प्रश्न विचारले. एकतीसांची उत्तरं मी खरी दिली.

तुझी भावजय महानंदा बिनमिठाचं जेवण करते आणि स्वतःही तेच खाते. मी नको म्हटलं, तर म्हणाली, "दोन पातेली कोण घासणार?"

तुझा,
उमाजी


के. आर. पुरम
९ एप्रिल २०२४

अक्का, पाया पडतो.

तुझं उत्तर नाही, पण पाकीटही परत आलं नाही. म्हणजे घरात घेतलंस. मी एवढ्यावर खूश होणारा माणूस आहे.

आकडा उतरला. दोनाचा एक पूर्णांक चार. डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. माझ्या पायांची सूजही ओसरलीय, चपलेचा पट्टा एक भोक आत घेतला.

आता तुला म्हणून सांगतो, बाहेर बोलू नको. माझ्या बाटलीत खरं औषध आहे. पाकीट कुणी फोडलेलं नाही, मी कानानं ओळखलं. तपासणीला गेलो की बाकावर शेजारी रघुजी म्हणून खानापूरचे एक गृहस्थ असतात, बसचे रिटायर कंडक्टर. त्यांची बाटली अठरा नंबरची. भाग्यलक्ष्मी आत गेली होती तेवढ्यात मी दोन्ही बाटल्या कानाशी धरून हलवल्या. त्यांच्या गोळ्या खुळखुळतात, पोकळ. माझ्या गोळ्या जड वाजतात, भरल्या दाण्यासारख्या.

रघुजी म्हणाले, "अहो, तुमच्या बाटलीत गोळ्या जास्त राहिल्या असतील."

म्हटलं, रघुजी, तीस वर्षं मी मोटारीवर कान ठेवून सांगतोय कुठलं बेअरिंग जाणार ते. सर्जापूर रोडच्या सोसायट्यांतले इंजिनियर मोबाइलवर मोटारीचा आवाज रेकॉर्ड करून मला पाठवतात. या कानानं आजवर मला खाली बघायला लावलेलं नाही. सतरा नंबरची बाटली खरी. लिहून घ्या.

ते म्हणाले, "लिहून घेऊन मी काय करू? माझी अठरा आहे." हसले, पण जरा वेळानं आपली बाटली त्यांनी पिशवीत खाली सारली. तेव्हा मला वाटलं, आपण हे बोलायला नको होतं.

यंदा इथल्या बोअरनी दम तोडलाय. सहाशे फुटांवर नुसती हवा ओढतात आणि मोटारी जळतात. दुकानात मोटारींची रांग आहे आणि मी खुर्चीत बसून हुकूम सोडतो. गुडघा मात्र फार ठणकतोय. मध्यंतरी दवाखान्यात पडद्यापलीकडचं एक बोलणं कानावर आलं, तेव्हापासून घरातल्या कपाटाचा एक खण मी रिकामा केलाय. त्याबद्दल आज लिहीत नाही.

तुझा,
उमाजी


के. आर. पुरम
२ मे २०२४

अक्का, पाया पडतो.

पडद्यापलीकडचं बोलणं लिहितो. त्याच्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

गोळी सुरू होऊन आठवडा झाला होता. मी रक्त द्यायला बसलो होतो. पलीकडं भाग्यलक्ष्मी एका बाईला समजावत होती, "अम्मा, अंगदुखीची गोळी विष आहे तुम्हाला. चांगल्या माणसाला चालते. लिव्हर खराब असलेल्यानं घेतली की किडनी बंद पडते. चार दिवसांत पण पडते."

बत्तीसातला तो उरलेला एक प्रश्न हाच होता. दुखण्याची गोळी घेता का? मी नाही म्हणालो होतो. आणि त्या सकाळीच एक घेऊन गेलो होतो. गुडघ्यासाठी दिवसाला दोन, तीन वर्षं. दुकानाशेजारच्या नंदूच्या मेडिकलातून पट्ट्याच्या पट्ट्या. हो म्हटलं तर चाचणीत घेणार नाहीत, हे मी तिच्या आवाजावरून ओळखलं होतं. शिवाय अंगदुखीची गोळी म्हणजे औषध असं आपल्यात कुणी धरतच नाही, अक्का. कामावरच्या माणसाची ती चहासारखी.

त्या दिवशी घरी येऊन खण रिकामा केला. गोळ्या बंद. दोन आठवड्यांनी आकडा उतरला, आणि मी तुला बाटलीची फुशारकी कळवली. खणाची गोष्ट गाळली.

तशीच गाळून टाकली असती. पण परवा तपासणीच्या खोलीबाहेर बसलो असताना डॉ. मंजुनाथ आत फोनवर बोलत होते. "सतरा नंबरचा गुण फारच चांगला आहे. असे आणखी चार-पाच निघाले तर गोळीत दम आहे म्हणायचं." त्यांच्या आवाजात मी कधी न ऐकलेला आनंद होता.

मी बसून राहिलो. रघुजींचा आकडा वाढत होता. ते समोर बसून सुनेनं दिलेली बिनमिठाची इडली खात होते. उद्या माझ्या गुणावर भरवसा ठेवून ही गोळी कुणाच्या हातात पडली आणि ती कामाचीच नसली, तर?

आत गेलो आणि सांगितलं. डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. भाग्यलक्ष्मी बोलली.

"उमाजी सार, मी तीन वेळा विचारले. कन्नडमध्ये विचारले, मराठीत विचारले, गोळीचा फोटो दाखवून विचारले."

"हो अम्मा."

"तुम्ही म्हणालात, असली घाण मी दुकानात पण ठेवत नाही."

"दुकानात नव्हती, घरी होती."

तिला हसू आलं नाही. मलाही नंतर वाटलं, ते बोलायला नको होतं.

डॉक्टरांनी सगळं माझ्या समोर लिहून काढलं. मला चाचणीची गोळी बंद झाली, पण तपासणी चालू राहील आणि माझं नाव यादीत या शेऱ्यासकट राहील. निघताना म्हणाले, "सांगितलंत ते बरं केलंत. आधी सांगितलं असतंत तर तुमच्या जागी दुसरा माणूस घेता आला असता." शिवी दिली असती तर हलकं वाटलं असतं.

तुला आणखी एक लिहायचं आहे. आज हात वळत नाही.

उमाजी


के. आर. पुरम
१० सप्टेंबर २०२४

अक्का,

पितरांचा पंधरवडा आठवड्यावर आलाय. दाजींच्या म्हाळाला तुझ्याकडं सगळे जमतील, धाकटे काका, दोन्ही जावा, शेजारपाजार. कस्तुरी, हे तुझ्यासाठी: बाळ, हे पत्र आजीला एकटीला वाचून दाखवू नको. पानं वाढून झाली की सगळ्यांसमोर मोठ्यानं वाच. मी जे बोललो होतो ते पंगतीत बोललो होतो, तेव्हा हेही पंगतीतच ऐकू जाऊ दे.

मंडळी, मी उमाजी. ठकुबाईचा धाकटा भाऊ. आई गेल्यावर हिनं निपाणीच्या वखारीत तंबाखूची पानं निवडून मला वाढवलं. घरी आली की हिच्या लुगड्याच्या वासानं मला शिंका यायच्या, म्हणून ही आधी दारात पदर झटकायची. बेंगळुरूला निघालो तेव्हा गाडीभाडं हिचं होतं. मी स्वतःच्या हिमतीवर वर आलो असं मी सगळीकडं सांगत आलोय, त्यातलं एवढं गाळून.

आप्पाजी दाजी त्याच वखारीत हमाल. त्यांचं पोट फुगलं, डोळे पिवळे झाले, तेव्हा अक्का त्यांना भुईआवळ्याचा काढा द्यायची. ते गेले. बाराव्याच्या पंगतीत मी उभा राहून म्हणालो, "तुझ्या काढ्यानं गेला माणूस." तुमच्यापैकी पुष्कळांनी ते ऐकलं आणि खरं धरलं, कारण मी शहरातून आलो होतो आणि माझ्या मनगटावर घड्याळ होतं.

आता दाजी गेले त्याच्या आधीचे पाच दिवस ऐका. ते अक्कालाही ठाऊक नाहीत.

मी दाजींना भेटायला आलो होतो. त्यांची कंबर पोती वाहून मोडली होती, रात्रंदिवस कण्हायचे. मी नंदूच्या मेडिकलातून दहा पट्ट्या आणल्या होत्या. अंगदुखीच्या, लांबट, पांढऱ्या. अक्का वखारीत गेलेली असताना दाजींच्या उशाखाली ठेवल्या. म्हटलं, दाजी, सकाळ-संध्याकाळ एकेक. फार दुखलं तर दुपारी तिसरी घ्या, माझ्यावर सोडा. ते म्हणाले, "हिला विचारू का?" मी म्हटलं, तिला यातलं काय कळतं.

त्यांना दुसऱ्या दिवशी उतार पडला. हसले, अंगणात येऊन बसले. मी ऐटीत परत आलो. चौथ्या दिवशी त्यांची लघवी आटली. पाचव्या दिवशी ते भ्रमात गेले आणि त्यातच संपले. मातीला आलो तेव्हा उशी मी उचलली. आठ पट्ट्या उरल्या होत्या, त्या खिशात घातल्या. का घातल्या हे त्या वेळी कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. पण एखाद्याचं काहीच चुकलं नसेल तर तो खिशात घालत नाही.

डॉ. मंजुनाथांना मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, एकोणीस वर्षांमागचं छातीवर हात ठेवून कुणी सांगू शकणार नाही. काढ्यांनीही कधी कधी अपाय होतो. "पण लिव्हरचा असा पेशंट, या गोळ्या, आणि चार दिवसांत लघवी बंद. हे मी वॉर्डात पुष्कळदा बघितलंय."

मी काढ्याला दोष दिला तो मागं घेतो. त्या घरात चुकीचं औषध दिलं असेल तर ते मी दिलं. एवढंच. जेवण थांबलं असेल, माफ करा. पोळ्या गार होऊ देऊ नका.

उमाजी


के. आर. पुरम
२१ ऑक्टोबर २०२४

अक्का, पाया पडतो.

कस्तुरीचा फोन आला. तिनं जसंच्या तसं सांगितलं. मुलगी हुशार आहे, मध्ये स्वतःचं काही घालत नाही.

म्हणाली, पत्र वाचून झालं तेव्हा कुणी घास उचलला नाही. धाकटे काका म्हणाले, "मेलेल्या माणसाचं आता कशाला उकरायचं?" तेव्हा तू म्हणालीस, "मेलेल्याचं न्हवं ते. माझं हाय. वाच गं पुन्यांदा." दुसऱ्यांदा वाचून होईपर्यंत तू भिंतीकडं तोंड करून बसलीस, आणि मग उठून सगळ्यांना भात वाढलास.

दुसरं तिनं सहज सांगितलं. तिला खोकला झाला होता, आणि तू आलं-तुळशीचा काढा करून दिलास. "आजोबा, आजीला काढा येतो हे मला ठाऊकच नव्हतं. घरात कुणी आजारी पडलं की ती नुसती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहते." मी फोन महानंदाच्या हातात दिला आणि मागल्या दारी जाऊन उभा राहिलो.

मग तुझा प्रश्न. तिनं तो तुझ्याच आवाजात विचारला. "उम्याला म्हणावं, तूच लिवलं हुतंस की तुझी बाटली खरी. मग तू बरा झालास तो त्या औषधानं झाला असशील. गोळ्या सोडल्यानं झालास कशावरनं? का म्हातारीचं मन राखाय लागलाईस?"

अक्का, डॉक्टरांनी मला असा प्रश्न विचारला नाही. वखारीत तू पान नुसतं हातात घेतलं की त्याची जात सांगायचीस ते आठवलं.

उत्तर माझ्याकडं नाही. बाटलीत औषध असेल तर आकडा कशानं उतरला हे कुणालाच कळणार नाही, आणि तुला आयुष्यभर वाटत राहील की धाकट्यानं शेवटी दया दाखवली. बाटली रिकामी असेल, तर माझी किडनी सावरली ती दुसरं काही न घेता, फक्त ते विष सोडल्यानं. मी डॉक्टरांना पाकीट फोडायची विनंती केली. ते म्हणाले, शेवटच्या पेशंटची शेवटची तपासणी होईपर्यंत नाही, पंतप्रधान आले तरी नाही. "आणि एका माणसावरून काही सिद्ध होत नसतं, उमाजी." म्हटलं, सर, मला जगाला दाखवायचं नाही. निपाणीजवळच्या एका बाईला दाखवायचंय.

तेव्हा थांबू. रघुजींचं सांगतो, ॲडमिट होऊन सुईचं औषध घेऊन ते बाहेर आले. बाकावर बसतात. माझ्यावर राग नाही, पण बाटली माझ्यापासून लांब ठेवतात.

गुडघ्याला काय लावतोस असं तू विचारलंस म्हणे. गरम पाण्याची पिशवी, आणि खुर्ची.

तुझा,
उमाजी


के. आर. पुरम
१८ फेब्रुवारी २०२५

अक्का, पाया पडतो.

आज पाकीट फुटलं. आम्हा सगळ्यांना खोलीत बसवून भाग्यलक्ष्मीनं एकेकाला चिठ्ठी दिली. गोळी लागू पडते की नाही याचा हिशेब अजून चाललाय. डॉक्टर म्हणाले, वर्ष जाईल, आणि उत्तर 'नाही' निघालं तरी ते उत्तरच असतं. माझा आकडा एक पूर्णांक दोनवर थांबलाय. लिव्हर आहे तसंच आहे, त्याची बारी पुढं कधीतरी येईल. तू शिमग्यानंतर कस्तुरीबरोबर येतेस असं कळलं. के. आर. पुरमलाच उतरा, मी फलाटावर असेन.

मूळ चिठ्ठी पत्रासोबत जोडलीय, शिक्क्यासकट. कस्तुरीला मोठ्यानं वाचायला सांग. कन्नड आणि इंग्रजी दोन्हींत आहे. अठरा नंबरच्या बाटलीत औषध होतं. सतरा नंबरच्या बाटलीत नव्हतं.

उमाजी